लकडगंजचं जुनं दुकान : लाकडाने ठरवलेली इमारत



इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ले, राजवाडे, लेणी आणि देवळं येतात. पुस्तकात तेच असतं आणि परीक्षेलाही तेच येतं. पण आजोबा ज्या दुकानातून सामान आणायचे, त्या दुकानाच्या इमारतीलाही इतिहास असतो. तो कुठल्या ताम्रपटावर कोरलेला नसतो. तो खांबात, तुळईत, कवेलूत आणि उंबरठ्यात असतो. वाचता आला तर तोही वाचायला मिळतो.

आजच्या पाठात आपण नागपूरच्या लकडगंज आणि त्याला लागून असलेल्या इतवारी भागातली जुनी दुकानाची इमारत समजून घेणार आहोत. पुढे ओटा, खाली दुकान, वर माडी, मागे चौक, वर कवेलूचं छप्पर. अशा इमारती एकेकाळी ओळीने उभ्या होत्या. आता त्यांच्या मधेमधे काचेच्या आणि सिमेंटच्या इमारती आल्या आहेत. म्हणून आपण कुठलं एकच घर न घेता, या इमारती ज्या पद्धतीने बांधल्या जायच्या ती पद्धत पाहू. पद्धत एकदा कळली की तुम्ही तुमच्या गावातलं कुठलंही जुनं दुकान वाचू शकाल. वर्धा, भंडारा, उमरेड, काटोल, कुठेही.

१. नावातच धंदा

आधी नाव पाहू. 'लकड' म्हणजे लाकूड. 'गंज' हा फारसीतून आलेला शब्द. त्याचा मूळ अर्थ साठा, कोठार, त्यावरून बाजारपेठ. म्हणजे लकडगंज म्हणजे लाकडाचा बाजार. आपण शुद्ध मराठीत 'लाकूडबाजार' म्हणालो असतो, पण नागपूरच्या बोलण्यात हिंदी आणि मराठी शेजारी-शेजारी नांदतात. शेजारच्या 'इतवारी'चंही तसंच. इतवार म्हणजे रविवार, रविवारी भरणारा बाजार तो इतवारी. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी ही नावंही आठवड्याच्या बाजारावरूनच आली.

याच भागात 'चितार ओळ' आहे. चितारी म्हणजे चित्रं रंगवणारे, मूर्ती घडवणारे. गणपती जवळ आले की मूर्ती पाहायला आपण तिथेच जातो. 'ओळ' म्हणजे एकाच धंद्याच्या लोकांची गल्ली. म्हणजे हे जुनं शहर वारांनी आणि धंद्यांनी वाटलेलं होतं. पत्ता सांगितला की धंदा कळायचा.

आज लकडगंज हे महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी एका झोनचं नाव आहे. सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरून मेट्रो धावते. तरी आतल्या रस्त्यावर वळलात की आरामशीनचा आवाज आणि ताज्या चिरलेल्या लाकडाचा वास येतो.

२. लाकूड इथेच का आलं?

नागपूरच्या नकाशाकडे बघा. उत्तरेला छिंदवाडा, शिवनी, बालाघाट. पूर्वेला भंडारा, गोंदिया. दक्षिणेला चंद्रपूर, गडचिरोली. सगळे जंगलाचे जिल्हे. त्यातला दक्षिणेकडचा सागवान तर नामांकित आहे. आलापल्लीचं जंगल आणि बल्लारशाचा लाकूड डेपो ही नावं सुतारकाम करणाऱ्या कुणालाही विचारा.

पण जंगल जवळ असून भागत नाही, लाकूड आणायचं कसं? मोठा ओंडका बैलगाडीत एक-दोनच मावतात. हे गणित रेल्वेने बदललं. १८६७ साली मुंबईकडून रेल्वे नागपूरला पोचली. १८८० नंतर पूर्वेकडे राजनांदगावच्या दिशेने लोहमार्ग गेला आणि १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतवारी स्टेशनातून नागभीडकडे आणि छिंदवाड्याकडे नॅरोगेजच्या छोट्या गाड्या सुरू झाल्या. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आपण त्या गाडीला हसायचो, पण घाटातून आणि जंगलातून वळणं घेत जायला तीच सोयीची होती. जंगलाचा माल शहराच्या दारात आणून टाकणाऱ्या या गाड्या. आणि इतवारी स्टेशन लकडगंजच्या जवळ आहे, हे लक्षात ठेवा. बाजार उगाच कुठेही वाढत नाही.

रेल्वे लाकूड आणत होती तशी लाकूड खातही होती. रुळांखालचे स्लीपर लाकडाचेच असायचे. त्यामुळे जंगलं झपाट्याने तुटू लागली. १८६४ साली डिट्रिश ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाला इंग्रज सरकारने भारतातला पहिला वन महानिरीक्षक नेमलं. १८६५, १८७८ आणि १९२७ साली वन कायदे झाले. जंगल सरकारचं झालं, तोडीवर नियम आले आणि ओंडक्यावर हातोड्याने निशाणी ठोकून, वाहतुकीचा परवाना देऊन मगच लाकूड बाहेर काढायची पद्धत आली. ज्या लोकांचं आयुष्य जंगलावर चालायचं, त्यांच्यासाठी मात्र आपल्याच जंगलातली काठी तोडणं गुन्हा ठरला. दुकानाच्या सुंदर खांबाकडे बघताना ही बाजूही विसरायची नाही.

लाकूड आलं तसे ते विकत घेणारे, चिरणारे, तासणारे, वाहणारे लोकही आले. कच्छी आणि गुजराती कुटुंबं आरामशीनच्या धंद्यात आली. सुतार आले, हमाल आले. लाकडाच्या साठ्याला मराठीत 'वखार' म्हणतात, आपल्याकडे जळाऊ लाकडाच्या जागेला 'टाल'ही म्हणतात.

३. ओंडका मोजायचा कसा?

इथे थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे.

झाडाचा ओंडका गोल असतो, पण चिरल्यावर मिळतं ते चौकोनी लाकूड. मग पैसे कशाचे द्यायचे? यासाठी लाकूडबाजारात एक जुनी रीत आहे. ओंडक्याच्या मध्यावर दोरी किंवा फीत गुंडाळून गोलाई मोजायची. तिचा चौथा भाग घ्यायचा. त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं.

समजा गोलाई ४ फूट आणि लांबी १० फूट. चौथा भाग १ फूट. त्याचा वर्ग १. गुणिले १० म्हणजे १० घनफूट.

आता शाळेत शिकलेल्या सूत्राने खरं घनफळ काढा. परीघ ४ फूट असलेल्या वर्तुळाचं क्षेत्रफळ सुमारे १.२७ चौरस फूट येतं. लांबीने गुणलं की १२.७ घनफूट. म्हणजे बाजाराच्या रीतीत जवळपास पाचवा हिस्सा कमी धरला जातो. ही फसवणूक नाही. साल, बाजूच्या फळकुट्या आणि भुसा यात जे वाया जातं, त्याची ही सूट आहे. अक्षरओळख नसलेला माणूसही दोरी चार घड्या करून हा हिशेब करू शकायचा.

चिरलेल्या लाकडाचा हिशेब वेगळा. लांबी फुटात, रुंदी आणि जाडी इंचात घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ ने भागा. १० फूट लांब, ६ इंच रुंद, ८ इंच उंच तुळई असेल तर ४८० भागिले १४४, म्हणजे सुमारे ३.३ घनफूट. वाळलेला सागवान घनफुटाला साधारण १८ किलो भरतो. म्हणजे ही तुळई झाली ६० किलोची. दोन माणसांनी खांद्यावर घेऊन वर चढवावी इतकी. यंत्र नसलेल्या काळात हे वजनही महत्त्वाचं होतं. इमारतीची मापं माणसाच्या खांद्याने ठरवली, असं म्हटलं तरी चालेल.

४. चला, आत जाऊ या

आता रस्त्यावरून इमारतीत शिरू.

*ओटा.* सगळ्यात आधी रस्त्यापेक्षा दोन-तीन फूट उंच ओटा लागतो. पावसाचं पाणी दुकानात येऊ नये, हे पहिलं कारण. बैलगाडीतून माल थेट ओट्यावर सरकवता यावा, हे दुसरं. आणि गिऱ्हाइकाने टेकावं, दोन गोष्टी बोलाव्यात, हे तिसरं. ओट्यावर सावलीसाठी पुढे छप्पर काढलेलं असतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या नागपुरात ही सावली म्हणजे चैन नाही, गरज आहे. गंमत बघा, १८२२ साली सिंगापूर शहराची आखणी करताना रॅफल्सने प्रत्येक दुकानापुढे चालण्यासाठी झाकलेला ओटा सोडायचा नियमच केला. तिथे त्याला आजही 'पाचफुटी वाट' म्हणतात. ऊन-पाऊस सगळीकडे सारखाच, म्हणून उपायही सारखा.

*फळ्यांचं दार.* जुन्या दुकानाला शटर नसायचं. उंबरठ्यात आणि वरच्या चौकटीत खाच असायची. तिच्यात उभ्या फळ्या एकामागून एक सरकवायच्या आणि शेवटी आडवा अडसर लावून कुलूप. फळ्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले किंवा रंगवलेले असतात, कारण क्रम चुकला की शेवटची फळी बसत नाही. सकाळी फळ्या काढल्या की दुकानाची पूर्ण रुंदी उघडी. आत-बाहेर असा भेदच राहत नाही.

*गादी.* आत शिरलं की एका बाजूला शेठची गादी. लोड, तक्क्या, उतरतं मेज, गल्ला आणि लाल कापडाच्या वह्या. मुनीम बाजूला. या जागेवरून रस्ता, माल आणि मागचं दार तिन्ही दिसतात. ती जागा अशी मुद्दाम निवडलेली असते.

*अरुंद तोंड, लांब पोट.* दुकानाचं तोंड अरुंद असतं आणि इमारत मागे खोलवर जाते. कारण सरळ आहे. बाजाररस्त्यावरची जागा सगळ्यांना हवी असते, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच येते. मग माल ठेवायला, राहायला मागेच जावं लागतं.

*चौक.* इतक्या लांब इमारतीच्या मध्यात उजेड आणि वारा कुठून येणार? दोन्ही बाजूंना तर शेजाऱ्यांच्या भिंती. म्हणून मध्ये किंवा मागे उघडा चौक. चौकातली गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला ओट्याच्या सावलीतली हवा दुकानातून आत येते. वीज नसलेल्या काळातला हा पंखाच समजा. चौकाच्या कडेला न्हाणी, कुठे विहीर, आणि सपरीत माल.

*पोटमाळा आणि माडी.* दुकानाच्या वर बुटका पोटमाळा, त्यात सुटा माल. त्यावर माडी, तिथे कुटुंब राहतं. मजल्याची जमीन 'कडीपाट' असते. म्हणजे आधी जवळजवळ कड्या टाकायच्या, त्यावर लाकडी पाट आणि त्यावर माती चोपून सारवायचं. माडीला रस्त्याकडे लाकडी कठड्याचा सज्जा. खालच्या मजल्याने पैसा कमवायचा आणि सज्जाने तो दाखवायचा! म्हणून नक्षीकाम बहुतेक सज्जावर असतं, मागच्या चौकात साधेच खांब दिसतात.

*छप्पर.* वरती आढं, त्यावरून दोन्ही पाखांना उतरणारे वासे, आडव्या पट्ट्या आणि कवेलू.

५. 'खण' : इमारतीचा खरा मीटर

आता या पाठातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द. जुन्या माणसाला विचारा, "दुकान केवढं होतं?" तो चौरस फूट सांगणार नाही. तो म्हणेल, "तीन खणी" किंवा "पाच खणी".

खण म्हणजे दोन खांबांमधली किंवा दोन तुळयांमधली जागा. साधारण पाच ते आठ फुटांची. ही लांबी कुणाच्या मनात आलं म्हणून ठरली नाही. ती लाकडाने ठरवली.

एक प्रयोग करा. लाकडी फूटपट्टीची दोन टोकं दोन पुस्तकांवर ठेवा आणि मधोमध एक वजन ठेवा. पट्टी किती वाकते ते बघा. आता पुस्तकांमधलं अंतर दुप्पट करा. वजन तेच. पट्टी दुप्पट नाही, आठपट वाकते! अंतराचा घन होतो. म्हणून खण थोडासा मोठा केला तरी तुळई खूप जाड घ्यावी लागते. सुताराला हे सूत्र पाठ नव्हतं, पण त्याचा हात ते ओळखत होता.

दुसरा प्रयोग. तीच पट्टी आता कडेवर उभी करून ठेवा. वाकतच नाही! तुळईची उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट वाढतो, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. ४ बाय ८ इंचाची तुळई उभी बसवली तर आडवी बसवल्यापेक्षा चौपट ताठ राहते. जुन्या दुकानात मान वर करून बघा, मोठ्या तुळया बहुधा उभ्याच बसवलेल्या दिसतील.

खांबाच्या डोक्यावर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कोरीव ब्रॅकेट असतात. ते नुसतं नक्षीकाम नाही. ब्रॅकेटमुळे तुळईला आधार थोडा पुढेच मिळतो, तिची मोकळी लांबी कमी होते. खांबाच्या पायथ्याशी दगडी 'तळखडा' असतो. खांब थेट जमिनीत रोवला तर ओल चढते आणि उधई लागते, म्हणून मध्ये दगड. आणि जोड? एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्याला खाच, दोन्ही बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकायची. हे जोड खुंटी काढली की सुटतात. म्हणजे अशी इमारत उभी करता येते तशी उकलताही येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिचा संबंध येणार आहे.

आणि सागवानच का? सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेलकट द्रव्यं असतात, त्यामुळे उधई आणि बुरशी सहज लागत नाही. नीट वाळवला की तो उन्हाळ्यात फारसा तडकत नाही आणि पावसाळ्यात फारसा फुगत नाही. विदर्भाच्या हवेत याहून जास्त काय पाहिजे? नवी दिल्लीत २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठीसुद्धा सागवान नागपूरहून गेला.

६. इमारतीचं वय कसं ओळखाल?

बहुतेक दुकानांवर बांधल्याचं साल लिहिलेलं नसतं. मग गुप्तहेर व्हायचं. या खुणा शोधा.

लाकडाच्या अंगावरच्या खुणा : पृष्ठभागावर उथळ, खोलगट टवके असतील तर ते वाकसाने हाताने तासलेलं आहे. सरळ पण कमी-जास्त अंतराच्या रेषा असतील तर ती दोन माणसांच्या मोठ्या करवतीची खूण. एक माणूस ओंडक्यावर, एक खाली. अर्धवर्तुळासारख्या रेषा म्हणजे गोल पात्याची आरामशीन. अगदी एकसारख्या, समांतर सरळ रेषा म्हणजे पट्ट्याची आरामशीन.

खिळे : चौकोनी आणि ओबडधोबड असतील तर लोहाराने घडवलेले. गोल, एकसारखे असतील तर कारखान्यातले, म्हणजे नंतरचे.

कवेलू : हाताने थापलेली, अर्धगोल देशी कवेलू जुनी पद्धत. चपटी, खाचा असलेली मंगलोरी कवेलू असतील तर उलटून बघा, बऱ्याचदा कारखान्याचं नाव उमटवलेलं असतं. मंगळुरात बासेल मिशनने असा कारखाना १८६५ साली सुरू केला. म्हणजे मंगलोरी कवेलू त्याआधीची असूच शकत नाहीत.

लोखंड : तुळईच्या जागी लोखंडी गर्डर दिसला तर त्याच्या अंगावरची अक्षरं वाचा. इंग्लंडच्या कंपनीचं नाव आहे की टाटांचं? टाटांच्या साकची इथल्या कारखान्यातून पोलाद निघू लागलं १९१२ साली. हेच टाटा त्याआधी, १ जानेवारी १८७७ रोजी, नागपुरात एम्प्रेस मिल सुरू करून बसले होते!

सिमेंट : भारतात सिमेंटचे कारखाने नीट सुरू झाले ते १९१४ च्या सुमारास, पोरबंदरला. मागोमाग आपल्या जुन्या मध्य प्रांतातल्या कटनीला. त्यामुळे मूळ भिंत सिमेंटची असेल तर ती त्याआधीची असण्याची शक्यता फार कमी.

एक सावधगिरी मात्र घ्या. एका खुणेवर निकाल देऊ नका. आरामशीन आल्यावरही जंगलात हाताने करवत चालत होतीच. जुन्या छपरावर नवी कवेलू चढतात. जुन्या घराची तुळई नव्या घरात बसते. म्हणून तीन-चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तेव्हाच अंदाज बांधायचा. इतिहासकारसुद्धा हेच करतात.

७. आगीची भीती

लाकूड म्हटलं की आग आलीच. नागपूरकरांना याची जुनी आठवण आहे. महालातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा होता. १८६४ साली तो जळाला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली असाच जळाला. लकडगंजातही आरामशीन आणि वखारींना आगी लागल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो.

पण इथे एक शास्त्रीय गोष्ट समजून घ्या. भुसा, फळकुट्या आणि पातळ पट्ट्या भुर्रकन पेटतात, कारण त्यांना चहूबाजूंनी हवा मिळते. जाड तुळई तशी पेटत नाही. तिच्यावर आधी कोळशाचा थर तयार होतो आणि तो आतल्या लाकडाला झाकतो. सागासारखं कठीण लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर या वेगाने आत जळत जातं. म्हणजे अर्ध्या तासात प्रत्येक उघड्या बाजूने सुमारे १५ मिलिमीटर. १५० बाय २०० मिलिमीटरच्या तुळईत तोवर बराच जीव शिल्लक असतो. माणसं बाहेर काढायला तेवढा वेळ मोलाचा. धोका जाड खांबापेक्षा जास्त असतो तो जुनाट वायरिंगला, कोंबलेल्या मालाला आणि अरुंद गल्लीत न पोचणाऱ्या अग्निशमन गाडीला.

८. मग या इमारती जात का आहेत?

पहिलं कारण भाडं. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. भाडेकरूला काढायला भाडे नियंत्रकाची परवानगी लागायची. त्यामुळे गरीब भाडेकरूला आणि छोट्या दुकानदाराला संरक्षण मिळालं, ते गरजेचंच होतं. पण अनेक ठिकाणी भाडं जुनंच राहिलं आणि मालक म्हणू लागला, "एवढ्या भाड्यात कवेलू तरी कसे फेरू?" भाडेकरू म्हणाला, "घर माझं नाही, मी कशाला खर्च करू?" दोघांचंही बरोबर, आणि छप्पर मात्र गळत राहिलं. २००० सालापासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, तरी जुनी भांडणं संपली नाहीत.

दुसरं कारण रस्ते. बैलगाडीसाठी आखलेल्या रस्त्यावर आज ट्रक येतात. महालातल्या केळीबाग रस्त्याच्या रुंदीकरणात जुनी बांधकामं गेली. इतवारीतून जाणाऱ्या जुन्या भंडारा रोडचं रुंदीकरण वर्षानुवर्षं चर्चेत आहे. रस्ता हवा, हे खरं. पण रुंदीकरणात सगळ्यात आधी पडतो तो ओटा, फळ्यांचं दार आणि सज्जा. म्हणजे इमारतीचा चेहराच.

तिसरं कारण लाकूडच. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात मोठा आदेश दिला. मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोड बंद झाली आणि आरामशीनवर कडक बंधनं आली. जंगलासाठी ते आवश्यक होतं. बाजारात मग बाहेरदेशचं लाकूड, प्लायवूड वाढलं. २०१४ पासून म्यानमारनेही गोल सागवान बाहेर पाठवणं थांबवलं. जुना, मोठ्या झाडाचा, घट्ट रेषांचा सागवान दुर्मीळ झाला. आणि तो कुठे मिळतो? जुन्या इमारतींत!

आता मघाची गोष्ट आठवा. खुंटी काढली की जोड सुटतात. समजा एका दुकानात ८ फुटी, ६ बाय ६ इंचाचे १२ खांब आणि १० फुटी, ६ बाय ८ इंचाच्या २० तुळया आहेत. हिशेब करा. खांबांचे २४ आणि तुळयांचे ६६ पूर्णांक दोन तृतीयांश, मिळून ९० घनफुटांच्या वर सागवान. म्हणजे इमारत म्हणून जी ओझं वाटते, ती लाकूड म्हणून मौल्यवान ठरते. मग ती उकलली जाते, लाकूड पुन्हा बाजारात येतं आणि त्यातून कुणाच्या तरी बंगल्याचं दार किंवा हॉटेलातलं टेबल बनतं. लाकूड वाया जात नाही, हे चांगलंच. पण खण जातो. चौकातला वारा, ओट्यावरची सावली, सुताराने साधलेलं गणित, हे घनफुटात विकता येत नाही आणि पुन्हा विकतही मिळत नाही.

हेरिटेज म्हटलं की आपण राजवाडे, मंदिरं आणि सरकारी इमारती आठवतो. साधं किराणा दुकान किंवा वखार कुणाला आठवत नाही. म्हणून ती कुणाच्या नजरेत न येता जातात.

९. आपण काय करू शकतो?

सगळ्या जुन्या इमारती वाचवता येणार नाहीत. ज्या खरोखर धोकादायक आहेत, त्यांत माणसं राहू नयेत. इमारतीपेक्षा माणूस मोठा. पण पडण्याआधी तिची नोंद तर होऊ शकते? त्यासाठी पैसा नको, परवानगीचे दहा कागद नकोत. वही, पेन्सिल, मोजपट्टी आणि दुकानदार काकांशी नम्रपणे बोलायची तयारी एवढंच हवं.

*उपक्रम (चार-पाच जणांच्या गटात, मोठ्या माणसासोबत) :*

१. तुमच्या भागातलं एक जुनं दुकान निवडा. मालकाची किंवा दुकानदाराची परवानगी घ्या. गर्दीच्या वेळी जाऊ नका. मोडकळीला आलेल्या इमारतीत शिरू नका, रस्त्यावरूनच निरीक्षण करा.

२. दुकानाचं तोंड किती खणांचं आहे ते मोजा. एका खणाची रुंदी, ओट्याची उंची आणि एका खांबाची जाडी लिहा.

३. पुढचा भाग वहीत काढा. फळ्यांचं दार असेल तर फळ्या मोजा, आकडे कसे लिहिलेत ते टिपा.

४. वयाच्या किती खुणा सापडल्या? त्या एकाच काळाकडे बोट दाखवतात का?

५. तिथल्या सगळ्यात वयस्कर माणसाला तीनच प्रश्न विचारा. इथे आधी कुठला धंदा होता? माल कुठून आणि कशाने यायचा? वर कोण राहायचं? उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, 'शुद्ध' करू नका. 'सपरी', 'कवेलू', 'टाल' हे शब्दही इमारतीसारखेच जपायचे आहेत.

६. नोंदीच्या खाली तारीख लिहा. वीस वर्षांनी हीच वही कुणाला तरी त्या दुकानाची एकमेव खूण म्हणून सापडेल.

*स्वाध्याय :*

१. लकडगंज आणि इतवारी ही नावं कशी पडली ते सांगा.

२. ६ फूट गोलाई आणि १२ फूट लांबीच्या ओंडक्याचं घनफळ बाजाराच्या रीतीने काढा. (उत्तर : २७ घनफूट)

३. तुळई उभी का बसवतात? फूटपट्टीच्या प्रयोगाने स्पष्ट करा.

४. 'मंगलोरी कवेलू दिसले म्हणजे इमारत १८६५ नंतरचीच', हे विधान नेहमी बरोबर असेल का? विचार करून लिहा.

५. जुनं दुकान : दुरुस्त करावं, उकलून लाकूड विकावं की रस्त्यासाठी द्यावं? मालक, भाडेकरू, सुतार आणि रोज त्या रस्त्याने शाळेत जाणारा मुलगा, या चौघांच्या बाजूने प्रत्येकी चार ओळी लिहा.

शेवटच्या प्रश्नाचं एकच बरोबर उत्तर माझ्याकडेही नाही. म्हणूनच तो विचारला आहे. पण पुढच्या वेळी लकडगंजातून जाताना एवढं करा. मोबाइल खिशात ठेवा, मान थोडी वर करा आणि खण मोजा. पुढच्या वर्षी तेवढेच आहेत का, तेही बघा.